कुंडीतली भाजी कोणाच्या ताटात?

२०२३ च्या जुलैमधली एक संध्याकाळ. देवळीच्या गुजरीत पावसाची रिपरिप, पायाखाली चिखल, आणि एका टोपल्याभोवती चार-पाच जणी नुसत्याच उभ्या. टोपल्यात टोमॅटो. हात लावायची कोणाची हिंमत होईना.

"पाव किलो देऊ का?" भाजीवालीने विचारलं.

"पाव नको वो बाई, दोन दे. वरणात टाकाले पुरते," एकीने सांगितलं.

"काऊन एवढा महाग विकून राहिली?" दुसरीने विचारलंच.

भाजीवाली हसली. म्हणाली, "मीबी घरी नेत नाही, बाई."

मैत्रिणींनो, त्या महिन्यात देशातली भाज्यांची महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ३७ टक्क्यांवर गेली होती. अनेक शहरांत टोमॅटोने किलोला दीडशे रुपये ओलांडले. केंद्र सरकारला दिल्ली, पाटणा अशा शहरांत गाड्या लावून ९० रुपये किलोने टोमॅटो विकावा लागला. पुढच्या वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तेच. भाज्यांची महागाई ४२ टक्क्यांवर. आणि बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, चित्र साफ उलटं. भाज्यांचे भाव आदल्या वर्षापेक्षा २७ टक्क्यांहून जास्त घसरलेले.

भाव चढले की "गृहिणींचं बजेट कोलमडलं" अशी बातमी येते आणि उतरले की "गृहिणींना दिलासा" अशी. पण या दोन्ही बातम्यांत एक प्रश्न कोणी विचारत नाही. भाव चढले तेव्हा घरात नेमकी कोणाच्या ताटातली भाजी कमी झाली? आणि भाव उतरले तेव्हा ती तिच्या ताटात परत आली का?

भाव चढले की आणखी एक गोष्ट हमखास होते. "कुंडीत भाजी लावा, पैसे वाचवा" असे सल्ले सुरू होतात. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद होते, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणींनी हा नाद लावून घेतला. मीही त्यातलीच. फुटका माठ, रंगाचा रिकामा डबा, भाजीवाल्याकडून आणलेलं मोडकं कॅरेट, जे मिळेल त्यात माती भरली. या काही वर्षांत जे कळलं ते आज मोकळेपणाने सांगते. कुंडीतल्या भाजीने घरखर्चात फार मोठी बचत होत नाही. पैशाच्या हिशेबाने ही गोष्ट केली, तर दोन महिन्यांत कंटाळा येतो. पण ती करण्याचं दुसरं एक कारण आहे, आणि ते पैशापेक्षा मोठं आहे.

आधी ताटाचा हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९ ते २०२१ चे आकडे बघा. देशात १५ ते ४९ या वयातल्या १०० बायकांपैकी ५७ जणींचं रक्त कमी. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण १०० मागे २५. आपल्या महाराष्ट्रात आधीच्या फेरीत ४८ टक्के बायकांना रक्तक्षय होता. पाच वर्षांत तो कमी व्हायला हवा होता. तो वाढून ५४ टक्क्यांवर गेला.

आता दुसरी बाजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि स्त्रीला २९. दर महिन्याची पाळी, बाळंतपण, अंगावर पाजणं, हे सगळं तिच्याच शरीरातून जातं, म्हणून तिला दीडपट लागतं. आणि आपल्याकडे वाढण्याची रीत काय? आधी लेकरं, मग घरातले पुरुष, मग सासूबाई, आणि शेवटी कढईत जे उरेल ते आपल्याला. कढईत उरतो तो रस्सा. भाजी संपलेली असते. मग पोळी, चटणी नाहीतर लोणचं. ज्या ताटाला सगळ्यात जास्त लागतं, त्याच ताटात सगळ्यात कमी पडतं.

म्हणून म्हणते, टोमॅटो दीडशे रुपये असो की पंधरा, या ताटाचा प्रश्न एकट्या भावाचा नाही. भाव चढले की पहिली कात्री तिच्या वाट्याला लागते हे खरं. पण भाव उतरल्यावर तिचा वाटा आपोआप वाढतो, असं मात्र नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. रक्त कमी असण्याची कारणं अनेक असतात. जंत, जास्त जाणारी पाळी, लागोपाठची बाळंतपणं. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली ती काही उगाच नाही. सिकलसेल असताना स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या घेणं योग्य नाही. त्यामुळे चक्कर, धाप, थकवा असेल तर आधी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या घ्याच. मेथीची भाजी हा गोळीला पर्याय नाही. पण रोजच्या जेवणातली हिरवी पानं हा पाया आहे, आणि तोच आपल्याकडे कच्चा राहिला आहे.

परस कुठे गेला?

आपल्या आजीच्या काळात पालेभाजी विकत घ्यायची वेळ फारशी येत नसे. वर्धा जिल्हा कपाशीचा. पण त्या कपाशीतच तुरीच्या ओळी असत, आणि सोबत अंबाडी, चवळी, भेंडी, वाळकं. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच परतायची. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, घराच्या मागच्या आवारात चमकुऱ्याची पानं आणि कुंपणाला मुनगा. यातलं काही बाजारातून येत नव्हतं आणि ते आणायला कोणाकडे पैसेही मागावे लागत नव्हते. एक लक्षात घ्या, ती भाजी आणणारी, निवडणारी, शिजवणारी बाईच होती, त्यामुळे किती करायची हेही तीच ठरवायची.

मग शेतात एकाच पिकाची रीत आली. तणनाशक आलं, तशी बांधावरची रानभाजीही गेली. देवळीसारख्या गावांत आवारं लहान झाली, उरलेल्या आवारात फरशी आणि सिमेंट आलं. तालुक्याचं गाव म्हणून नोकरीनिमित्त, मुलांच्या शाळेनिमित्त कितीतरी कुटुंबं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांना आवार कुठलं? म्हणजे आपण शेतांनी वेढलेल्या गावात राहतो आणि सांबारापासून सगळं गुजरीतून आणतो. गुजरीतून आणायचं म्हणजे पैसे हवेत, आणि पैसे कोणाच्या खिशात असतात ते सांगायला नको.

सरकारला हे कळत नाही असं नाही. २०१८ च्या महिला दिनी पोषण अभियान सुरू झालं. २०१९ मध्ये शाळांमध्ये पोषण बागा करण्याच्या सूचना आल्या. राज्यात 'उमेद' अभियानाने बचत गटांच्या महिलांसाठी 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम घेतली. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं आणि परसबागेचं महत्त्व गावोगावी पटवून दिलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांनाच अभिमान वाटला.

पण परसबागेला आधी परस लागतो. आणि 'उमेद' हे ग्रामीण भागासाठीचं अभियान. देवळीसारखी नगर परिषदेची गावं धड खेडं नाहीत आणि धड शहरही नाहीत. खेड्यासाठीच्या योजनेत आपण बसत नाही, आणि शहरातल्या गच्चीवरच्या बागांचे सल्ले आपल्या टिनाच्या छपराला लागू पडत नाहीत. या मधल्या गावातल्या, अंगण हरवलेल्या बाईसाठी कुंडी हाच परस. तिच्याकडे शौक म्हणून बघू नका, एवढंच माझं म्हणणं.

पहिली कुंडी तुळशीची

खरं तर कुंडीत झाड लावणं आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तुळशी वृंदावन म्हणजे दुसरं काय? दारातली ती मातीभरली कुंडी प्रत्येक घरात आहे. तिला रोज पाणी मिळतं, आणि "हिच्यावर खर्च किती झाला, उत्पन्न किती आलं" असं कोणी विचारत नाही. तिच्या शेजारी देवाच्या फुलासाठी सदाफुली, मोगरा, गुलाब असतो. त्यालाही कोणाची हरकत नसते. पण त्याच ओळीत बाईने मेथीचं कॅरेट मांडलं की घरातले विचारतात, "कायले एवढा पसारा? बाजारात दहा रुपयाला जुडी भेटते."

याला उत्तर देणारी माणसं आपल्याच मातीत होऊन गेली. आपल्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर वर्ध्याला मगनवाडी आहे. १९३५ मध्ये तिथे असताना गांधीजींनी आहाराचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून हिरव्या पानांच्या पोषणमूल्यावर लिहिलं. आसपास उगवणारी पानं गरिबाच्या ताटात का नसावीत, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि थोड्या पाण्यावर घराच्या आसपास किती पिकू शकतं याचा हिशेब सामान्य माणसाच्या हाती दिला. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या नावाचा पुरस्कार त्यांना मिळाला होता. त्यांचीच पद्धत वापरून तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग फुलवली. कामगारांच्या जेवणासाठी निवडलेल्या भाज्यांची सालं, देठं जी कचऱ्यात जायची, त्यांचीच माती झाली. मुंबईच्या गोदीत, सिमेंटच्या गच्चीवर हे होऊ शकतं, तर आपल्या देवळीत का नाही?

आणि जगाचं म्हणाल, तर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा क्यूबा देशाला मिळणारं तेल आणि खत आटलं. तेव्हा हवाना शहरातल्या लोकांनी मोकळ्या जागांवर वाफे बांधून, गच्च्यांवर डबे मांडून भाजी पिकवली. तो त्यांचा छंद नव्हता. ताटात काही पडावं म्हणून केलेली खटपट होती.

टोमॅटो नको, मेथी लावा

आता हिशेब. टोमॅटो महाग झाला म्हणून जी टोमॅटो लावते ती बहुतेक वेळा फसते. रोप लावल्यापासून फळ हातात यायला दोन महिने तरी जातात. २०२३ च्या जुलैत ज्यांनी रोपं लावली, त्यांचे टोमॅटो पिकेपर्यंत सप्टेंबर उजाडला, आणि तोवर भाव इतका पडला होता की शेतकऱ्यांवर माल फेकायची वेळ आली. वीस लिटरच्या बादलीतलं एक झाड नीट आलं तर हंगामात दोन-तीन किलो देतं. उरलेल्या वर्षात त्या जागेत काही नाही.

पालेभाजीचं तसं नाही. मेथी पेरल्यावर महिन्याच्या आत काढता येते. पालक, माठ महिना-सव्वा महिन्यात कापायला येतो आणि बुडखा ठेवून कापला की पंधरा दिवसांनी पुन्हा येतो, असा तीन-चार वेळा. दीड फूट लांब, फूटभर रुंद कॅरेटमधून एका कापणीला एक बरी जुडी निघते. चौघांच्या घरात एका वेळेला दोन जुड्या धरा. आठवड्यातून दोनदा पालेभाजी हवी तर महिन्याला सोळा जुड्या झाल्या. काही कॅरेटं कापणीला आलेली, काही नुकतीच पेरलेली, असं धरलं तर दहा-बारा लागतात. तेवढी जागा नसेल तर सहा कॅरेटांत आठवड्याला एक भाजी बसते.

बाजारभावाने सोळा जुड्यांचे किती होतात? दहा ते वीस रुपये जुडी धरली तर दीडशे ते सव्वातीनशे रुपये. त्यातून शेणखत, बियाणं वजा करा. बघा, म्हणून म्हटलं की पैशासाठी करू नका. पण तीच गोष्ट ताटाकडून मोजली तर? महिन्यातून आठ वेळा घरात ताजी पालेभाजी, आणि तीही पैसे न मागता. हा हिशेब कोणत्याही बचतीपेक्षा मोठा आहे.

पालेभाजीच्या जोडीला रोज चिमूटभर लागणाऱ्या वस्तू ठेवा. सांबार, एक मिरचीचं झाड, एक गोडलिंब, मोठ्या ड्रममध्ये लिंबू. लिंबू फार महत्त्वाचं. भाजीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. त्यावर लिंबू पिळलं की ते जास्त शोषलं जातं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी शोषलं जातं. तेव्हा चहा आणि जेवण यांत तासभर अंतर ठेवा. पालकाचा गाजावाजा फार, पण त्यातलं लोह अंगी लागायला अवघड असतं. म्हणून एकट्या पालकावर न थांबता मेथी, माठ, चवळीची पानं, मुनग्याचा पाला आलटून पालटून करा. मुनगा मोठ्या ड्रममध्येही येतो, फक्त सारखा छाटत राहायचा.

जिथे ऊन कमी येतं त्या कोपऱ्यात पोत्यात हळद लावा. आपल्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडच्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जूनमध्ये कंद लावला की माघाच्या सुमारास काढणी.

आणि फुलं काढून टाकू नका बरं. झेंडूची दोन झाडं भाजीच्या मधे हवीतच. झेंडूमुळे मुळांना त्रास देणारे सूत्रकृमी कमी होतात आणि फुलांवर मधमाश्या येतात. कारल्याच्या वेलाला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मधमाशी आली नाही तर इवलंसं कारलं पिवळं पडून गळतं. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवायचं. दसऱ्याला दारात घरचा झेंडू, हा फायदा वेगळाच.

देवळीचं ऊन आणि काळी माती

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत जे लिहिलेलं नसतं ते आता. आपली कपाशीची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत दगड. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. म्हणून काळी माती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि सोयाबीनचं किंवा तुरीचं कुजलेलं कुटार एक भाग, असं मिश्रण करा. तळाला भोकं पाडून त्यावर खापराचे तुकडे ठेवा. मिश्रण हलकंही होतं. ओल्या मातीची वीस लिटरची बादली तीस किलोच्या आसपास भरते, हे स्लॅबवर ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. कुंड्या भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवाव्यात, स्लॅबच्या मधोमध नाही. टिनाच्या छपरावर तर अजिबात नको.

सिमेंटचे किंवा तांदळाचे रिकामे कट्टे सगळ्यात स्वस्त, पण आपल्या उन्हात ते वर्षभरात भुगा होऊन जातात. पाझरणारे जुने माठ उत्तम. मुळं गार राहतात. काळे, गडद डबे असतील तर बाहेरून चुना फासा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा मेथी-पालकाचा हट्ट धरू नका. त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली माठ, चवळी आणि आपली चिवळ. पावसाळ्यात अंबाडी. आजीला जे ठाऊक होतं तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या भागात घरोघरी फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पडलेले असतात. मजबूत असतात, फुकट असतात. त्यात भाजी कधीही लावू नका. कितीही धुतलात तरी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने जीव गेला आणि शेकडो दवाखान्यात होते. ते औषध ज्या डब्यात होतं तो डबा आपल्या मेथीच्या मुळाशी नको. तेलाचा, रंगाचा डबा स्वच्छ करून फुलांना चालेल. भाजीला कॅरेट, माठ, बादली बरी.

पाणी कोण घालणार?

आता मुळाशी येऊ. ही सगळी खटपट कोण करणार? सकाळी नळ, डबे, शाळा, मग कामावर जाणं, आणि त्यात आता बारा कुंड्यांना पाणी. म्हणजे बाईच्या रक्तासाठी बाईलाच आणखी एक काम. हा आक्षेप मला माझ्या शेजारच्या वहिनींनी घेतला आणि मला तो पटला. त्या म्हणाल्या, "भाजी साऱ्यांनी खायची अन् पाणी म्याच घालायचं?"

त्यांच्या घरी त्यांनी रीत पाडली. कुंड्यांचं पाणी मुलगा आणि नवरा यांच्याकडे. रविवारी गोडणं, खत घालणं सगळ्यांनी मिळून. भाजी निवडायलाही मुलगा बसतो. पहिल्या आठवड्यात दोन कॅरेटं वाळली, तरी त्यांनी स्वतः पाणी घातलं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून गाडी रुळावर आली. मला वाटतं, कुंडीतल्या भाजीचा हाच खरा धडा.

पाण्याची काटकसर म्हणून डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी वापरा. साबणाचं पाणी पालेभाजीला नको. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी फेका, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पोसले जातात.

आणि काही मागणंही आपलं आहे. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं, तेव्हापासून आपण निमूट वेगळं करून देतो. त्या ओल्या कचऱ्यापासून नगर परिषदांनी केलेलं खत तपासून 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने विकता यावं, अशी सोय राज्य सरकारने केली आहे. मग आपण दिलेल्या सालींचं खत, घरी भाजी लावणाऱ्या बाईला दरवर्षी दोन-चार घमेली मोफत का मिळू नये? वस्तीतल्या बचत गटाने बियाणं एकत्र आणलं, एकीने मेथी तर दुसरीने अंबाडीचं बी धरलं, तर विकतच्या पाकिटांचा खर्चही वाचेल. वॉर्डातल्या नगरसेवकाकडे रस्ता-नालीसोबत हेही मागायला काय हरकत आहे?

मैत्रिणींनो, भाव पुन्हा चढतील. एखादा पावसाळा लांबेल, गुजरीत पुन्हा त्या टोपल्याभोवती आपण उभ्या राहू. तेव्हा टोमॅटो परवडत नसेल तर नसू द्या, दोन महिने चिंचेचा कोळ घालू. पण हिरवी पानं तरी कोणाच्या परवानगीवाचून आपल्या हाताशी असावीत.

एक छोटी गोष्ट आजपासून करून बघा. पहिल्या कॅरेटची पहिली मेथी काढाल, त्या दिवशी भाजी झाल्यावर सगळ्यात आधी एका वाटीत आपला वाटा काढून बाजूला झाकून ठेवा. मग घरच्यांना वाढा. पहिल्यांदा जरा अवघड वाटेल, सासूबाई बघतील, आपल्यालाच उगीच चोरी केल्यासारखं होईल. होऊ द्या. ती वाटी झाकून ठेवायची सवय लागली, की समजा कुंडी सार्थकी लागली.